फरशीवर पांढरं परत परत येतंय? ॲसिड आणण्याआधी हे तपासा

पुसली की चकाचक, वाळली की पुन्हा पिठूळ. कोटा असो, शहाबादी असो, संगमरवर असो, मला सगळ्यात जास्त फोन याच तक्रारीचे येतात. फोनवरचं दुसरं वाक्यही बहुतेक वेळा ठरलेलं असतं : "ॲसिडनं धुऊन बघितलं, चार दिवस बरं वाटलं." मी 22 वर्षं पुण्यात फरशी बसवायचं, पॉलिशचं आणि बिघडलेली फरशी दुरुस्त करायचं काम करतो. पहिली पाच-सहा वर्षं मीही ॲसिडच ओतत होतो, तेव्हा कोणाला हसायचा हक्क मला नाही. एवढ्या वर्षांत कळलं ते इतकंच, की पांढरा थर दिसतोय म्हणजे कुठून तरी पाणी येऊन तिथे वाळतंय. ते पाणी सापडत नाही तोवर फरशीवर घेतलेली सगळी मेहनत फुकट जाते.

खाली तपासण्या ज्या क्रमानं दिल्यात त्याच क्रमानं करा. पहिल्या काही अक्षरशः फुकट आहेत. लोक नेमक्या त्या सोडतात आणि थेट फरशी उखडायचा भाव विचारतात.

नेमकं काय दिसतंय?

सगळे "पांढरं येतंय" एवढंच सांगतात, पण त्यात निदान चार वेगळे प्रकार असतात.

खार असेल तर मिठासारखी भुकटी दिसते, कधी कापसासारखे बारीक तंतू. सुरुवात बहुतेक दर्जांमधून, म्हणजे दोन फरश्यांमधल्या सांध्यांमधून, होते आणि मग ती दगडावर पसरते. भिंतीला लोणा लागतो तोच हा प्रकार, फक्त आडवा. ओलं फडकं फिरवलं की नाहीसा होतो आणि फरशी वाळली की हजर.

दुसरा प्रकार जड पाण्याचा थर. बोअरचं पाणी असलेल्या घरांत नळाखाली, मोरीच्या कडेला, वॉशिंग मशीनच्या पाइपाजवळ. हा नखाला खरखरीत लागतो, भुकटी होऊन निघत नाही, आणि पाणी जिथे साचतं तिथेच असतो.

तिसऱ्यात फरशीवर काही साचलेलंच नसतं, उलट गेलेलं असतं. लिंबू सरबताच्या ग्लासाच्या बुडाचा गोल, सोलकढीचे थेंब, बाथरूमच्या दारात सांडलेलं संडास धुवायचं लिक्विड. तिथली चमक ॲसिडनं खाल्लेली असते. हात फिरवला तर बोटाला काही लागत नाही. ओलं केलं की हेही दिसेनासं होतं, म्हणून लोक याला खार समजतात.

चौथा प्रकार साबणाचा किंवा मेणाचा थर. तिरप्या उजेडात पुसल्याचे फराटे दिसतात, अनवाणी चाललं की पावलांचे ठसे उमटतात.

याच्या जोडीला आणखी काय दिसतंय तेही लिहून ठेवा. स्कर्टिंगच्या वर रंगाचे पोपडे सुटलेत का, काही फरश्या बाकीच्यांपेक्षा गडद दिसतात का, नाण्यानं ठोकल्यावर कुठे बद्द आवाज येतो का, दगडाचे पापुद्रे निघतायत का, खोली बंद ठेवली की कुबट वास येतो का. आणि महिना लिहा. खार भर पावसाळ्यात फारसा दिसत नाही, कारण हवाच इतकी दमट असते की पाणी वाळत नाही. तो फुटतो ऑक्टोबरच्या उन्हात, जमिनीतली ओल वर येऊन भराभर वाळायला लागते तेव्हा.

1. कोरडा ब्रश

खर्च शून्य. घरातला जुना कोरडा ब्रश घ्या, एका फरशीवर घासा, भुकटी काळ्या कागदावर गोळा करा. भुकटी मिळाली तर खार. काही न मिळता नुसता निस्तेज डाग राहिला तर ॲसिडची खूण. ब्रश सरकतोय पण खरखर जात नाही, तर पाण्याचा थर.

आता ती भुकटी पाण्याच्या वाटीत टाका. विरघळली तर तो विरघळणारा क्षार आहे. तो सिमेंटातून, वाळूतून, मातीतून किंवा पुसायच्या पाण्यातून आलेला असतो. तळाशी बसली तर बहुधा सिमेंटातला चुना, जो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट झालेला असतो. हा फरक कामाचा आहे. चुना वर आल्याआल्या ब्रशनं निघतो, पण महिनोन् महिने राहिला तर दगडाला चिकटून दगडच होतो, आणि मग मशीन लावल्याशिवाय सुटत नाही.

खार नेहमी कोरडाच काढायचा. आधी ब्रश, मग व्हॅक्यूम असेल तर तो, नसेल तर सुपलीत भरून बाहेर. ओल्या फडक्यानं पुसलात तर क्षार विरघळून त्याच छिद्रांतून परत आत जातो आणि दोन दिवसांनी वर येतो. मग बायका म्हणतात, "मी रोज पुसते तरी येतंच." रोज पुसता म्हणूनच येतं, ताई.

2. पुसायची बादली

बादलीत काय टाकता? हा प्रश्न मी चहा यायच्या आत विचारतो. सहकारनगरातल्या एका घरी संपूर्ण हॉलवर सारखाच पांढरट पडदा होता. भिंती कोरड्या, दर्जा कोरड्या, पहिला मजला, म्हणजे जमिनीची ओल नाही. तीन जणांनी तीन कोटेशन दिली होती. घरातल्या आजी दर शनिवारी आणि अमावस्येला पाण्यात मूठभर खडेमीठ घालून फरशी पुसून घ्यायच्या. दृष्ट लागू नये म्हणून. मीठ पाण्यात गेलं, पाणी उडून गेलं, मीठ फरशीवर राहिलं. आजींना मी मीठ बंद करा म्हणालो नाही, त्यांचा भाव दुखवून मला काय मिळणार होतं? मिठाची वाटी कोपऱ्यात ठेवा आणि फरशी साध्या पाण्यानं पुसा, एवढंच सुचवलं. दोन आठवड्यांत फरशी मोकळी झाली. कामाचे पैसे मी घेतले नाहीत, पण आजींनी लाडू दिले.

तुरटी, फिनेल, जास्तीचा साबण, व्हिनेगर, लिंबाच्या वासाचं काहीही, हे सगळं 15 दिवस बंद करा. दोन बादल्या ठेवा : एकीत साधं पाणी आणि अगदी थोडा सौम्य साबण, दुसरीत नुसतं पाणी, आणि फडकं घट्ट पिळून घ्या. बोअरचं पाणी जड असेल तर पुसण्यापुरतं नगरपालिकेचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरून बघा. पांढरं 15 दिवसांत कमी झालं तर पुढचं वाचायची गरज नाही.

3. लिंबाचा एक थेंब

घरात कुठला दगड आहे हे लोकांना नक्की माहीत असतं असं नाही. ते कळणं गरजेचं आहे, कारण पुढची सफाई त्यावर ठरते. कपाटाखाली, दिसणार नाही अशा जागी लिंबाचा एक थेंब टाका, पाच मिनिटांनी पुसा. बारीक बुडबुडे आले किंवा तिथे निस्तेज ठिपका पडला तर दगड चुन्याच्या जातीचा. राजस्थानातला कोटा, कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातला शहाबादी, तेलंगणातला तांदूर, आंध्रातला काळा कडप्पा हे सगळे चुनखडकच, आणि मकराण्याचा संगमरवर म्हणजे जमिनीच्या पोटात भाजून-दाबून निघालेला चुनखडकच. ग्रॅनाइटला, आपल्या काळ्या पाषाणाला किंवा व्हिट्रिफाइड टाइलला लिंबानं काही होत नाही.

आता ॲसिडचं काय ते एकदाच सांगून टाकतो. बाजारात फरशी धुवायचं म्हणून मिळतं ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. चुन्याच्या दगडावर पडलं की फेस येतो. लोकांना वाटतं मळ निघतोय, पण तो फेस म्हणजे तुमची फरशी वितळून निघालेला कार्बन डायऑक्साइड. मागे जे उरतं ते कॅल्शियम क्लोराइड, आणि त्याचा गुण असा की ते हवेतलं पाणी ओढून घेतं. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका बंगल्याची कोट्याची पडवी मी ॲसिडनं धुतली, वरवर पाणी मारलं, पैसे घेतले. जूनमध्ये मालकांचा फोन : पडवी वाळतच नाही, ऊन पडलं तरी ओली दिसते. तीन वेळा भरपूर पाण्यानं धुऊन, फडक्यांनी टिपून ते क्लोराइड काढावं लागलं, आणि गेलेली चमक आणायला पुन्हा मशीन. ते काम मी फुकट केलं, पण त्यांनी पुन्हा मला बोलावलं नाही.

व्हिट्रिफाइड किंवा ग्रॅनाइटवर ॲसिड चालतं असं कोणी म्हणेल. टाइलला चालेल, दर्जांतल्या सिमेंटला चालत नाही. दर्जा पोकळ झाल्या की त्यातून पाणी खाली जातं, आणि नवीन खार तयार. शिवाय ॲसिड आणि ब्लीचिंग, किंवा ॲसिड आणि ब्लीचवालं कुठलंही लिक्विड, एकाच वेळी बाथरूममध्ये कधीही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद खोलीत तो जिवावर बेततो.

4. खडूनं नकाशा

संध्याकाळी फरशी कोरडी असताना पांढऱ्या भागाभोवती खडूनं रेघ मारा, तारीख लिहा, फोटो काढा. आठ दिवसांनी पुन्हा. हे वेडेपणाचं वाटतं, पण मला पाण्याचा पत्ता बहुतेक वेळा इथेच लागतो.

बाहेरच्या भिंतीला लागून पट्टा असेल तर पाणी बाहेरून येतंय. बाथरूमच्या भिंतीपलीकडे, म्हणजे बेडरूममध्ये किंवा पॅसेजमध्ये, अर्धगोल दिसतोय तर बाथरूम. खोलीच्या मधून सरळ रेषेत डाग जातोय तर खालून पाइप गेलेला असण्याची शक्यता मोठी. कुंडीभोवती गोल असेल तर कुंडी उचला, आणि विषय संपवा. फक्त दर्जांवर जाळीसारखं पांढरं आणि टाइल स्वच्छ, तर टाइल व्हिट्रिफाइड आहे. ती पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून खालच्या मालातलं, म्हणजे सिमेंट-वाळूच्या थरातलं, पाणी वर यायला दर्जा ही एकच वाट उरते.

आणि एक आठवण ताजी करा : घर बंद करून गावी गेला होतात तेव्हा काय झालं? परत आल्यावर डाग सुकलेला होता तर पाणी तुमच्या वापराचं, म्हणजे सांडपाण्याच्या लाइनीतलं किंवा बाथरूमच्या फरशीतून झिरपणारं. तसाच ओला होता तर दोन संशयित उरतात : चोवीस तास दाबाखाली असणारी नळाची लाइन, नाहीतर जमीन.

फरशी नवीन असेल तर इथे थांबा. आपल्याकडे कोटा किंवा संगमरवर जाड मालाच्या थरावर बसतो, वरून पाणी मारलं जातं, मग पॉलिशच्या वेळी मशीनखाली पुन्हा पाणीच पाणी. ते सगळं वर येऊनच जाणार. पहिल्या वर्षातला खार कोरड्या ब्रशनं काढत राहा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. बऱ्याचदा तो आपोआप ओसरतो. मिस्त्रीशी भांडायला नंतर वेळ आहे.

5. प्लॅस्टिकचा चौकोन

खर्च 50 रुपये, तोही चिकटपट्टीचा. साधारण 45 सेंटिमीटर लांब-रुंद पारदर्शक जाड प्लॅस्टिक घ्या, डागाच्या जागी ठेवा, चारही कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करा. किमान 16 तास ठेवा. मी दोन दिवस ठेवतो. तेवढाच दुसरा चौकोन खोलीच्या चांगल्या भागात लावा, म्हणजे तुलना करता येते.

प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला दव साचलं किंवा दगड गडद झाला, तर ओल खालून येतेय. वरच्या बाजूला दव आणि खाली कोरडं, तर हवेतली वाफ थंड दगडावर बसतेय. जूनच्या सुरुवातीला कोकणात आणि मुंबईत तळमजल्याच्या फरशा घामेजतात त्या याच कारणानं. तेव्हा दारं-खिडक्या उघडून "वारा लागू दे" म्हणणं उलटं पडतं, कारण बाहेरची दमट हवाच आत येते. पंखा लावा, फडक्यानं टिपा. यासाठी वॉटरप्रूफिंगवर पैसे घालवलेले लोक मी पाहिलेत.

दोन्ही चौकोन कोरडे राहिले तर ओल आता येत नाही, डाग जुना आहे. सफाई आणि पॉलिश एवढंच काम.

6. घराबाहेर एक चक्कर

तळमजला किंवा बंगला असेल तर ही तपासणी चुकवू नका. घराचं जोतं बाहेरून किती उंच दिसतं? घर बांधलं तेव्हा दोन फूट असेल. मग अंगणात भर पडली, त्यावर पेव्हर ब्लॉक, पुढच्या वर्षी त्यावर आणखी माती आणि लॉन. आज बाहेरची पातळी आतल्या फरशीच्या बरोबरीनं आलेली असते, आणि पावसाचं पाणी भिंतीतून सरळ आत. डीपीसी, म्हणजे जोत्यावर ओल अडवायला घातलेला थर, मातीखाली गाडला गेला की त्याचा उपयोग संपला.

गच्चीचा पाइप भिंतीलगत सुटतो का? एसीचं पाणी कुठे ठिबकतं? तुळशी वृंदावन भिंतीला चिकटून आहे का? जमिनीखालची टाकी त्या भिंतीपासून किती लांब? हडपसरच्या एका बंगल्यात मला दीड दिवस लागला, आणि शेवटी कारण निघालं ते बागेचा ठिबक पाइप. रोज सकाळी अर्धा तास तो भिंतीच्या पायात पाणी सोडत होता. पाइप दोन फूट सरकवला. पुढच्या ऑक्टोबरात फरशी कोरडी.

माती खाली घ्यायची, पाइप लांब न्यायचा, उतार घरापासून बाहेर करायचा. मजुरी सोडली तर खर्च फारसा नाही, आणि आतलं कुठलंही महाग काम याच्याआधी करण्यात अर्थ नाही.

7. नळ बंद, टाकीवर रेघ

रात्री सगळे नळ, फ्लशचे कॉक, वॉशिंग मशीन बंद करा. मीटर असेल तर आकडा लिहा, नसेल तर टाकीत पाण्याच्या पातळीवर रेघ मारा आणि टाकीत येणारं पाणीही बंद ठेवा. सकाळी बघा. आकडा सरकला किंवा पातळी उतरली तर दाबाची लाइन गळतेय. फ्लॅटमध्ये टाकी सगळ्यांची असते, तिथे आपल्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह दोन-तीन दिवस दिवसभर बंद ठेवून डाग फिका होतो का बघायचं. फ्लशची टाकी आतून गळत असेल तर मीटर विनाकारण पळतो, म्हणून ती आधी तपासा.

गळती सापडली तरी भिंत स्वतः फोडू नका. प्लंबर हातपंपानं लाइनीत दाब भरतो आणि काटा उतरतो का बघतो. गरम आणि गार लाइन वेगवेगळी तपासली की अर्ध्या तासात कळतं कुठली फोडायची.

8. बाथरूममध्ये पाणी तुंबवणं

नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीखालच्या भोकात, फडक्यांचा गोळा घट्ट बसवा आणि उंबऱ्याच्या खाली राहील इतपत, साधारण एक इंच, पाणी भरा. भिंतीवर पेन्सिलीनं रेघ. शेजारी त्याच पाण्यानं भरलेली एक बादली ठेवा, तिच्यावरही रेघ. ही बादली महत्त्वाची : चोवीस तासांत थोडं पाणी हवेत उडणारच. बादलीपेक्षा फरशीवरचं पाणी जास्त उतरलं तरच ते झिरपतंय असं समजायचं. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे छतावर काही दिसलं तर ते तुम्हाला कळवतील आणि भांडण होणार नाही.

पाणी उतरलं नाही, तरी आंघोळीच्या वेळी ओल येते, असंही होतं. मग दोष भिंतीच्या टाइलच्या दर्जांत, नळाच्या गोल झाकणामागे किंवा ट्रॅपच्या पुढच्या पाइपात.

9. दर्जा

झिरपणं किरकोळ असेल तर दर्जा नव्यानं भरून पुष्कळदा भागतं, आणि ते हौशी माणसालाही जमतं. जुनं व्हाइट सिमेंट खरवडून काढा. निदान दोन-तीन मिलिमीटर खोल, नाहीतर नवीन माल टिकत नाही. धूळ काढा, पूर्ण वाळू द्या, मग भरा. बाथरूममध्ये मी एपॉक्सी ग्राउट, म्हणजे सिमेंटाऐवजी राळेचा दर्जा भरायचा माल, वापरतो. महाग आहे, आणि लावताना चटकन पुसावं लागतं, नाहीतर टाइलवर थर बसतो. पण पाणी पीत नाही.

तळमजल्यावर ओल जमिनीतून येत असेल, तर मात्र हॉलच्या दर्जा एपॉक्सीनं बंद करायच्या नाहीत. वरून सीलरही, म्हणजे दगडाची छिद्रं बंद करणारं द्रावण, मारायचा नाही. या मुद्द्यावर माझे दुकानदारांशी वाद होतात, पण मी ठाम आहे. ओलीला वर यायची वाट बंद केली की ती दगडातून वाट काढते. क्षार दगडाच्या आतच, पृष्ठभागाखाली साचतो, तिथे त्याचे स्फटिक फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. पांढरी झालेली फरशी परत आणता येते. पापुद्रे सुटलेली बदलावीच लागते. सीलर मारायचा तो प्लॅस्टिकचा चौकोन सलग दोनदा कोरडा निघाल्यावर, आणि तोही दगडात मुरणारा. वरून रंगासारखा थर बसणारा नको.

10. एक फरशी उचलून बघणं

इथवर आलात आणि कारण सापडलं नाही, तर डागाच्या मध्यावरची एक फरशी काढावी लागते. हे मिस्त्रीकडूनच करून घ्या. फ्लॅटमध्ये फरशीखालून विजेच्या नळ्या गेलेल्या असतात, आणि एका चुकीच्या घावात काय होतं ते मला सांगायला नको.

फरशी निघाली की बघायच्या गोष्टी : खालचा माल ओला आहे की कोरडा, हाताने चुरतोय का, फरशीखाली पोकळी आहे का. माल ओला आणि वास सांडपाण्याचा, तर ड्रेनेज. ओला, पण वास नाही, आणि खोदत गेलं तसा जास्त ओला, तर जमीन. माल कोरडा, पण खाऱ्या चवीचा, तर वाळूतच मीठ होतं. किनाऱ्याकडच्या भागात खाडीची न धुतलेली वाळू वापरलेल्या घरांत हे दिसतं. तिथे पाणी अडवूनही खार वर्षानुवर्षं थोडा थोडा येतो. मग पर्याय दोनच, तो माल काढून नव्यानं बसवणं किंवा ब्रशशी मैत्री करणं.

कुठे थांबायचं

फरशीजवळच्या विजेच्या बोर्डाभोवती ओल दिसली किंवा भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर बाकी सगळं सोडा. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. आजच, उद्या नाही.

खालच्या मजल्याच्या छताला तडे, गंजाचे तपकिरी ओघळ, किंवा प्लॅस्टर सुटून सळई दिसतेय, तर वॉटरप्रूफिंगवाला नको, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. वॉटरप्रूफिंगवाला स्वतःचंच काम सुचवणार, त्याला दोष नाही.

फरशी खचतेय, किंवा एका ओळीत टाइला उचलून तंबूसारख्या झाल्यात आणि मोठ्या भागात बद्द आवाज येतोय, तर दर्जा भरून काही होणार नाही. भिंतीत ओल कमरेपर्यंत चढली असेल तर जोत्यातून ओल अडवायचं काम माहीतगार माणसाचंच. आणि तुम्ही वरचं सगळं मनापासून केलं, दोन पावसाळे गेले, तरी खडूची रेघ बाहेरच सरकतेय, तर आता पैसे तपासणीवर घाला, सफाईवर नको.

ओल थांबल्यानंतर

उरलेला खार कोरडाच काढा. खोल बसलेल्या खारासाठी कागदाचा लगदा थापायचा, पण वर्तमानपत्राचा नको, शाई लागते. पांढऱ्या टिश्यू पेपरचा लगदा करा, तोही डिस्टिल्ड पाण्यात. अर्धा इंच जाड थापा आणि पूर्ण वाळून आपोआप सुटेपर्यंत ठेवा. वाळताना तो दगडातला क्षार स्वतःकडे ओढतो. दोन-तीनदा करावं लागतं. जड पाण्याचा थर प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा. ॲसिडनं खाल्लेल्या जागेला घरगुती उपाय नाही. खोबरेल तेल, टूथपेस्ट सगळं लोक करून बघतात. बारीक पॅडच्या मशीनशिवाय ती चमक येत नाही.

नवीन घर बांधत असाल तर तळमजल्याच्या काँक्रीटखाली 250 मायक्रॉनचं प्लॅस्टिक अंथरून घ्या. वाळू धुतलेली आहे का ते विचारा. पांढऱ्या संगमरवराखाली पांढरंच सिमेंट, नाहीतर करडी छटा वर उमटते. मोरी आणि बाथरूमला संगमरवर घेऊ नका, कितीही सुंदर दिसला तरी. राजस्थानातला हिरवा मार्बल ओल्या सिमेंटवर बसवला की पाण्यानं वाकतो, तो एपॉक्सीनंच चिकटवायचा. माझ्या स्वतःच्या घरात खाली कोटा आहे, बाथरूमला खडबडीत ग्रॅनाइट.

राहिलं पॉलिश. सगळ्यांना ते दिवाळीच्या आधी हवं असतं. नेमका तेव्हाच पावसाळ्याची ओल वर येऊन खार फुटत असतो. मशीनखाली आम्ही आणखी पाणी ओततो, लक्ष्मीपूजनापर्यंत फरशी आरशासारखी दिसते, आणि तुळशीच्या लग्नाला पुन्हा पांढरी. माझं काम जातं, पण सांगतो : दिवाळीला कोरडा ब्रश आणि दोन बादल्या. पॉलिशवाल्याला फोन मार्चमध्ये करा.